विडी आणि विद्या

दानधर्म म्हटला कीं आपल्या व्यापारी वर्गास देऊळ आठवतें, धर्मशाळा आठवते. शाळा क्वचितच आठवते. यास्तव गोंदियाचे मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. विडीच्या धंद्यांत त्यांनीं द्रव्य मिळविलें; स्वतःस शालेय शिक्षण मात्र अल्पच लाभलें होतें. ती उणीव इतरांस भोगावी लागूं नये म्हणून त्यांनीं १९५८ सालीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांतच होतें. निराळा जिल्हा १९९९ मध्यें झाला.

कोणी म्हणेल, धनवंताच्या देणगीची एवढी स्तुति कशाला? आम्ही स्तुति करीत नाहीं, हिशेब मांडतों. विडीचा पैसा ऐन उन्हाळ्यांत रानांतून तेंदूपानें तोडणाऱ्यांच्या आणि दिवसभर मान मोडून विड्या वळणाऱ्यांच्या हातांतून येतो. त्यांस मजुरीच्या वहींतील आंकडा वाचतां येत नसेल, तर मुनीम सांगेल तोच हिशेब खरा! म्हणून मजुराच्या मुलास अक्षर देणें हा उपकार नव्हे, ऋणफेड होय. मनोहरभाईंनीं ती मनावर घेतली. बाकी अजून फिटलेली नाहीं. व्यापारी बंधूंनीं ती आतां आपल्या नांवें मांडून घ्यावी.