न्हाणीघरात टब हवा की शॉवर?

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते उठेनात. मग पिशवीतून त्यांनी घराच्या नकाशाची गुंडाळी काढून माझ्या टेबलावर पसरली. जुने घर पाडून त्याच जागी बंगला बांधायला काढला आहे. "डॉक्टर, मुलगा अमेरिकेतून सांगतो, बाथरूममध्ये टब बसवा. आमची मंडळी म्हणतात, शॉवर पुरे. आणि आई म्हणते, माझी मोरी तेवढी ठेवा. तुमचे काय मत?"

आई म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी. अजून स्वतःच्या हाताने आंघोळ करतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

हा प्रश्न खरे तर इंजिनिअरला विचारायचा, असे मला आधी वाटले. पण बाथरूममध्ये जे बिघडते ते शेवटी आमच्याकडेच येते. घसरून पडलेले, पाण्याने भाजलेले, विजेचा धक्का बसलेले, बंद दाराआड बेशुद्ध सापडलेले, असे सर्व रुग्ण मी पाहिले आहेत. तेव्हा सरांना जे सांगितले तेच थोडे विस्ताराने वाचकांनाही सांगतो. घर बांधणारे सध्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

प्रथम टबाचे पाहू. साधारण पाच फुटी टब वापरण्याइतका भरायला दीडशे लिटर तरी पाणी लागते. आपली बादली पंधरा ते वीस लिटरची. म्हणजे एका माणसाच्या टबात अख्ख्या घराच्या आंघोळी उरकून वर धुणेही होईल. ज्या महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे हा हिशोब मांडायला डॉक्टर कशाला हवा? पण दुसराही एक हिशोब आहे, तो सहसा कोणी करत नाही. घरगुती गिझर बहुधा पंचवीस लिटरचा असतो. त्यातले साठ अंशांचे पाणी वीस अंशांच्या तेवढ्याच गार पाण्यात मिसळले, तर अंगाला सोसेल असे चाळीस अंशांचे पन्नास लिटर पाणी होते. टबाला हवे दीडशे. म्हणजे गिझर तीन वेळा तापवायचा, आणि एका वेळेला अर्धा-पाऊण तास. तिसरी खेप येईपर्यंत पहिली निवलेली! सरांच्या मुलाकडे परदेशात घरोघरी मोठ्या टाक्या पाणी तापवतात, म्हणून तिथे ते जमते.

बरे, टबात बसून माणूस जास्त स्वच्छ होतो असेही नाही. अंगाचा मळ, घाम, तेलकटपणा साबणाने सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जातो. टबात तो आपल्याभोवतीच तरंगत राहतो. जपानी लोक टबस्नानाचे मोठे शौकीन. पण तेही टबाबाहेर लहानशा स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुतात आणि मगच टबात उतरतात. टब त्यांना शेकासाठी, विसाव्यासाठी हवा असतो. घरातली सगळी माणसे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात, त्यामुळे त्यांचा हिशोबही बसतो.

आता प्रकृतीचा भाग. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसले की कातडीच्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्त तिकडे धावते आणि रक्तदाब उतरतो. बसलेले असताना छान सैल, सुस्त वाटते. एकदम उभे राहिले की मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांना, प्रोस्टेटसाठी काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि मद्य घेतलेल्यांना हा धोका अधिक. जपानमध्ये दरवर्षी हजारो वृद्ध माणसे टबातच दगावतात, विशेषतः थंडीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिनेत्री श्रीदेवी यांचा दुबईच्या हॉटेलात टबात बुडून मृत्यू झाला, तेव्हा महिनाभर लोक मला विचारत होते की एवढ्याशा पाण्यात मोठे माणूस बुडेलच कसे? शुद्ध हरपली तर वीतभर पाणीही पुरते. नाकतोंड पाण्याखाली गेले आणि ते वर काढायची जाण उरली नाही, की संपले.

लहान मुलांना तर शुद्ध हरपावी लागत नाही. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकून पाहते, तोल जातो, आणि डोके खाली पाय वर अशा स्थितीत त्याला स्वतःला सोडवता येत नाही. आवाजही होत नाही. म्हणून हा मुद्दा एकट्या टबाचा नाही. अर्धी भरलेली बादली, कपडे भिजवलेला टब, झाकण नसलेला हौद हे सगळे त्यात आले. रांगते मूल घरात असेल तर रात्री बादल्या उपड्या घालून ठेवाव्यात.

टबाचा औषधी उपयोग नाही का? आहे. महात्मा गांधींना जर्मनीच्या लुई कुन्हे यांच्या कटिस्नानावर फार विश्वास होता, आणि १९४६ साली त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमामुळे हा प्रकार आपल्याकडे परिचितही आहे. मूळव्याध, भगेंद्र, गुदद्वाराला पडलेली चीर यांत मीही रुग्णांना दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसायला सांगतो. त्याने स्नायू सैल पडतात, ठणका कमी होतो. पण त्यासाठी बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा पसरट टब पुरतो. त्यासाठी पाच फुटी टब बसवू नये.

शॉवरचे गुण अनेक. उभ्याने किंवा स्टुलावर बसून घेता येतो, वाकून तांब्या भरावा लागत नाही, कंबर-गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचा. पाणी मात्र मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जाते. पाच मिनिटांत आटोपणाऱ्याला ठीक, गाणी म्हणणाऱ्याला नाही.

पण शॉवरबरोबर जी एक गोष्ट घरात येते, तिच्याविषयी मला जास्त बोलायचे आहे. ती म्हणजे गॅसचा गिझर. बादलीने आंघोळ करणारा माणूस बादली भरून घेतो, गिझर बंद करतो, मग आंघोळीला बसतो. शॉवरखाली तसे होत नाही. आंघोळ चालू असेपर्यंत गिझरही जळत राहतो. गिझर बाथरूमच्या आत, खिडकी थंडीमुळे बंद, दाराला आतून कडी. अशा कोंडलेल्या खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरची गळती नाकाला कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो, पण हा जळून तयार होणारा वायू कळतच नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, मग पायांतले बळ जाते. माणसाला वाटते पित्त झाले. कडी काढावी असे सुचेपर्यंत हात उचलत नाही.

आमच्या गावात काही वर्षांपूर्वी एक बावीस वर्षांची मुलगी अशीच गेली. लग्न ठरलेले होते. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना म्हणून दार फोडले, तेव्हा शॉवर चालूच होता. घरच्यांना आधी हार्टचा झटका वाटला, मग फिट वाटली. मला बोलावले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. त्या घरी मी आजही जातो, आणि तिची आई मला दर वेळी तेच विचारते, वास का आला नाही?

म्हणून गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या ठिकाणी बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून आत चालेल, असे दुकानदार म्हणेल. त्याचे ऐकू नये. वीज गेली की पंखा बंद आणि गिझर चालू, अशी वेळ आपल्याकडे यायला कितीसा उशीर? ज्यांच्याकडे तो आत बसलेला आहे, त्यांनी हलवून होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, आतली हवा जाऊ द्यावी आणि मग आंघोळीला जावे. कोणी बेशुद्ध सापडलेच तर आधी त्याला ओढून मोकळ्यावर आणा, गॅस बंद करा, आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायची ऑक्सिमीटर यंत्रे आली आहेत. या विषबाधेत त्यांवर विसंबू नका. त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त प्राणवायूने भरलेले वाटते आणि ते ९८ दाखवून मोकळे होते.

विजेचा गिझर असेल तर त्याचे बटण पन्नास अंशांच्या आसपास ठेवावे. साठ अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलांना तर त्याहूनही लवकर. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पाणी पायाने अजमावू नये, कोपराने अजमावावे.

आता पडण्याविषयी. टबाची कड गुडघ्याएवढी उंच. ती ओलांडताना म्हाताऱ्या माणसाला ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहावे लागते. पण टब नसला म्हणजे धोका टळला असे नाही, हे मी स्वतःच्या घरात शिकलो. २०११ साली आम्ही बाथरूम नवे केले. गुळगुळीत, आरसा दिसेल अशा टाइल्स मी स्वतः पसंत केल्या. चार महिन्यांत माझी आई त्यावर घसरली. घसरताना तिने टॉवेलची दांडी धरली, ती भिंतीतून उपटून तिच्या हातात आली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आई वॉकरने चालू लागली, पण गल्लीच्या टोकाच्या देवळात ती पुन्हा एकटी गेली नाही. जुन्या घरात खडबडीत शहाबादी फरशीवर तिने पन्नास वर्षे आंघोळ केली होती. दुसऱ्यांना कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देणारा मी, माझ्या घरातली फरशी मला दिसली नव्हती!

तेव्हापासून नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फरशी खरखरीत घ्या, घासायला त्रास झाला तरी चालेल. धरायला स्टीलची जाड दांडी, विटांच्या भिंतीत खोल खुंट्या मारून, कंबरेच्या उंचीला बसवा, आणि बसवल्यावर मिस्त्रीला तिच्यावर पूर्ण भार टाकायला लावा. दार बाहेर उघडणारे हवे. आत पडलेले माणूस दाराला अडून बसले की आत उघडणारे दार ढकलताच येत नाही. वृद्धांनी कडी लावूच नये, पडदा किंवा हाक पुरेशी आहे. रात्रीचा दिवा हाताशी हवा.

बादली-तांब्याचेही दोष आहेत. पाटावरून उठताना चक्कर येते ती त्यातच. बादलीत रॉड टाकून पाणी तापवणाऱ्यांनी बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. शिवाय कढत पाणी तांब्याने भराभर डोक्यावर ओतल्याने काही जणांना फिट येते. शेजारच्या कर्नाटकात या प्रकारच्या रुग्णांचा बराच अभ्यास झाला आहे. घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. आंघोळीच्या वेळीच कोणी वरचेवर गोंधळल्यासारखे करत असेल, तर मांत्रिकाकडे न नेता डॉक्टरांना दाखवावे. डोक्यावर कोमट पाणी हळूहळू घेतल्याने पुष्कळांचा त्रास थांबतो, काहींना औषध लागते.

सरांच्या नकाशावर मी पेन्सिलीने टबाच्या जागी फुली मारली. तिथे आता बसायला कडप्प्याचा ओटा होणार आहे, सोळा-सतरा इंच उंच, वरचा दगड खरखरीत आणि कडा गोल केलेल्या. बाजूला दांडी, खाली बादलीचा नळ, आणि लांब नळीचा हातात धरायचा शॉवर. वाटले तर शॉवर, पाणी कमी असले तर बादली. गिझरची जागा मागच्या अंगणात गेली. परवा सर पुन्हा आले होते. मुलाने फोनवर थोडी कुरकुर केली म्हणाले. आजींची मात्र एकच तक्रार आहे, त्यांना तांब्या पितळेचाच हवा, प्लॅस्टिकचा मग चालणार नाही. तो त्यांना द्यावा असे मी लिहून दिले आहे.