सिकलसेल आणि मेंदू : अपंगत्वाचा अंदाज बांधता येतो का?

१९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील शिक्षकांना 'सिकलसेल' हा शब्द नवा नाही. वर्गातले एखादे मूल हातपाय दुखतात म्हणून वरचेवर गैरहजर राहते, त्याचे डोळे पिवळसर दिसतात, ते लवकर दमते. माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि या भागातील इतर काही समाजांतही या आजाराचे जनुक आढळते. त्यातील वेदनांविषयी बरेच बोलले जाते. मेंदूवर होणाऱ्या परिणामांविषयी मात्र फारसे नाही. काही मुलांना त्यातून कायमचे अपंगत्व येते. ते कोणाला येईल, हे आधी सांगता येईल का?

प्रथम मूळ दोष पाहू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या कांड्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते.

दोष सगळ्या रुग्णांत सारखाच; आजार मात्र सारखा नसतो. याचे एक कारण म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते बहुतेकांच्या रक्तातून जवळजवळ नाहीसे होते. काहींच्यात ते बऱ्याच प्रमाणात टिकते आणि कांड्या बनण्यास अडथळा आणते. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण सहसा आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त असते. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्यच असतो, असे मात्र नाही. विदर्भातही तीव्र आजाराची मुले आढळतात.

आता मेंदूकडे वळू. कडक, चिकट पेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांच्या अस्तराला इजा करतात. भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते आणि एक दिवस रक्तपुरवठा तुटून अर्धांगवायू होतो. अमेरिकेत प्रतिबंधक उपचार सुरू होण्यापूर्वी अशा १०० रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत असा झटका येत असे. यापेक्षा कितीतरी जास्त मुलांच्या मेंदूत लहान लहान इजा होतात. त्यांत हात लुळा पडत नाही की बोलणे अडखळत नाही. लक्ष, स्मरण आणि अभ्यास मात्र मागे पडतो.

पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार वेगाने उडते. अरुंद धमनीतील रक्ताचेही तसेच. कानशिलाजवळ यंत्र टेकवून श्राव्यातीत ध्वनी आत सोडला, तर वाहत्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची कंप्रता बदलते. आगगाडी जवळ येताना शिटीचा स्वर चढतो, तोच हा डॉप्लर परिणाम. त्यावरून रक्ताचा वेग काढता येतो. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर धोका कमी. २०० किंवा अधिक असेल तर जास्त. २ ते १६ वर्षे वयात ही चाचणी दरवर्षी करावी, असे सांगितले जाते.

'जास्त धोका' म्हणजे नेमके काय? वेग २०० च्या पुढे असलेल्या १०० मुलांवर उपचार केले नाहीत, तर वर्षभरात सुमारे १० जणांना झटका येतो. ९० जणांना येत नाही. त्या दहांत कोण असेल, हे चाचणी सांगत नाही. अंदाज गटाचा असतो, एकट्या मुलाचे भविष्य नव्हे. शिवाय हे आकडे परदेशातील मुलांवरून काढलेले आहेत. आपल्या मुलांना ते जसेच्या तसे लावताना सावध राहावे लागते.

तरीही अंदाजाला मोल आहे, कारण त्यानंतर काही करता येते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वेग जास्त असलेली १३० मुले होती. नियमित रक्त दिलेल्या ६३ जणांपैकी एकाला झटका आला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ६७ पैकी ११ जणांना. पुढे हायड्रॉक्सीयुरिया हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवणारे औषधही उपयोगी ठरले. नागपूरच्या डॉक्टरांनी ते कमी मात्रेत देऊन मुलांच्या वेदनांचे झटके कमी होतात, हे दाखवले आहे.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यातील रक्ततपासणीमुळे रुग्ण मुले सापडतील. पण डॉप्लर तपासणीसाठी खास यंत्र आणि शिकलेला माणूस लागतो. भामरागड किंवा जिवतीच्या मुलासाठी हा प्रवास लांबचा आहे. त्या मुलाला रोज पाहणारा माणूस मात्र शाळेतच असतो.

म्हणून शिक्षकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सिकलसेलच्या मुलाचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, हातातील पेन्सिल गळू लागली किंवा बोलणे अडखळले, तर दहा मिनिटांत बरे वाटले तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आणि चांगले शिकणारे असे मूल अचानक मागे पडू लागले, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी पालकांना व डॉक्टरांना कळवावे. प्रगतिपुस्तकातील घसरलेले गुणही कधी कधी मेंदूतील इजेची पहिली खूण असतात.