शेळीची चड्डी आणि रिकामे खोगीर

शिट्टी होते आणि दोन माणसे धावत सुटतात. साधारण ५० फुटांवर एक शेळी दोरीला बांधलेली असते आणि त्यांच्याकडे संशयाने बघत असते. दोघांनी मिळून तिला धरायचे, तिच्या मागच्या पायांतून चड्डी चढवायची, ती शेपटीच्या मुळापर्यंत ओढायची आणि आल्या वाटेने परत पळायचे. चड्डी माणसाचीच, पांढरी, कुठल्याही दुकानात मिळणारी. शेळीचे सहकार्य अर्थातच नसते. प्रेक्षक हसून लोळतात, पण पंच मात्र गंभीर असतात. त्यांच्या हातातल्या घड्याळावर सेकंदाचे शतांश मोजले जात असतात आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या जोडीला बक्कल मिळणार असते.

अमेरिकेतल्या गे रोडिओमधला हा अधिकृत खेळ आहे. त्याच्या नियमपुस्तकात एकूण १३ खेळ आहेत आणि त्यांतले बहुतेक हाडे मोडू शकतील असे आहेत.

उन्हाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराच्या परिसरात 'रॉकी माउंटन रीजनल रोडिओ' भरतो. अनेक वर्षे तो गोल्डन गावातल्या जेफरसन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर भरत आला. डोंगराच्या पायथ्याचे हे मैदान गुराढोरांची प्रदर्शने जिथे होतात तसलेच. एरवी शेतकऱ्यांची मुले आपली वासरे मिरवायला आणतात, त्याच रिंगणात या दोन दिवसांत समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर माणसे आणि त्यांचे मित्र वळूवर बसतात, फास टाकतात, धुळीत लोळतात. अशाच विभागीय स्पर्धा न्यू मेक्सिकोत, अर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये, ओक्लाहोमात, टेक्सासमध्येही होत आल्या आहेत. वेळापत्रक सगळीकडे एकाच घाटणीचे. शुक्रवारी नावनोंदणी, शनिवारी आणि रविवारी दिवसभर खेळ, रात्री कंट्री संगीतावर नाच, आणि रविवारी संध्याकाळी बक्कलांचे वाटप. ही बक्कले म्हणजे पट्ट्याला लावायची, जवळजवळ तळहाताएवढी, नक्षीदार. रोखीचे बक्षीस किरकोळ असते. लोक शेकडो मैल घोडा ओढत येतात ते बक्कलासाठी.

रोडिओ म्हटले की गोऱ्या, रांगड्या, बायकांना 'मॅम' म्हणणाऱ्या पुरुषाचे चित्र डोळ्यासमोर येते. त्यातले बरेचसे हॉलिवूडने रंगवलेले आहे. मुळात हा शब्दच स्पॅनिश. 'रोदेआर' म्हणजे घेरणे, मोकाट गुरे एकत्र हाकून आणणे. फास, रुंद कडांची टोपी, खोगिराची घडण हे सारे मेक्सिकोतल्या 'वाकेरो' गुराख्यांकडून आले. एकोणिसाव्या शतकात कळप हाकणाऱ्या काउबॉयपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. धावत्या बैलाची शिंगे धरून त्याला लोळवण्याचा खेळ रूढ केला तो बिल पिकेट या कृष्णवर्णीय गुराख्याने. त्याच्या नावाचा खास कृष्णवर्णीयांचा रोडिओ १९८४ मध्ये लू व्हेसन यांनी सुरू केला, तोही डेन्व्हरमध्येच. म्हणजे 'खरा काउबॉय कोण' या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर दिसते तितके सरळ कधीच नव्हते.

गे रोडिओचा जन्म मात्र नेवाडातला, रीनो शहरातला. फिल रॅग्सडेल हा तिथल्या 'इंपीरियल कोर्ट'चा सम्राट होता. या नावाने बिचकायचे कारण नाही. होसे सारिया यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली ही समलिंगी समाजाची मंडळे. लुटुपुटीचे राजे-राण्या निवडायचे आणि त्यांनी वर्षभर समाजकार्यासाठी खरेखुरे पैसे गोळा करायचे, अशी त्यांची रीत. रॅग्सडेलच्या डोक्यात आले की निधी जमवायला रोडिओ का भरवू नये? मैदान मिळाले, पण जनावरे मिळेनात. समलिंगींच्या रोडिओला गुरे भाड्याने द्यायला कोणी तयार होईना. अखेर आदल्या दिवशी कशीबशी जुळवाजुळव झाली. पाच रानगायी, दहा वासरे, एक डुक्कर आणि एक शेटलंड जातीचे तट्टू. एवढ्या सरंजामावर २ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिला गे रोडिओ पार पडला. सव्वाशेच्या आसपास माणसे आली होती.

नेवाडाच्या कायद्याने तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा होता, आणि तो कायदा थेट १९९३ मध्ये रद्द झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या डुकराचे आणि तट्टाचे मोल कळते. तरी रोडिओ वाढतच गेला. १९८२ मध्ये विनोदी कलाकार जोन रिव्हर्स मिरवणुकीची प्रमुख पाहुणी होती आणि गर्दी हजारांत मोजावी लागली.

रीनोला जाऊन आलेले लोक आपापल्या राज्यांत परतले आणि संघटना बांधू लागले. डेन्व्हरमध्ये कोलफॅक्स रस्त्यावरचा 'चार्लीज' हा काउबॉय थाटाचा समलिंगी बार या मंडळींचा अड्डा होता. त्याच्याशी जोडलेले वेन जकीनो हे या साऱ्या उद्योगातले मोठे नाव. १९८५ मध्ये कोलोरॅडो, टेक्सास, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या चार राज्यांच्या संघटनांनी मिळून 'इंटरनॅशनल गे रोडिओ असोसिएशन' स्थापन केली. जकीनो तिचे पहिले अध्यक्ष झाले.

हे सगळे उभे राहिले ते कोणासाठी? अमेरिकेतल्या समलिंगी माणसाची रूढ कहाणी गाव सोडण्याची आहे. मुलगा कॅन्ससच्या किंवा वायोमिंगच्या शेतावर वाढतो, स्वतःला ओळखतो, बस पकडतो आणि सॅन फ्रान्सिस्को किंवा न्यूयॉर्कमध्ये मोकळा श्वास घेतो. कहाणी खोटी नाही, अर्धी आहे. त्या मुलाला शेणाचा वास, पहाटेचे दूध काढणे, घोड्याच्या मानेवरची ऊब आवडत असेल तर त्याने काय करायचे? शहरातल्या बारमध्ये त्याचे बूट चेष्टेचा विषय, आणि गावातल्या रोडिओत तो स्वतःच. गे रोडिओने या माणसाला दोन्हींपैकी एक निवडायला लावले नाही, आणि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण तिथेच आहे. वळूवर बसण्याचे धाडस पुष्कळांकडे असते. कार्यक्रमपत्रिकेत स्वतःचे खरे नाव छापू देण्याचे धाडस सुरुवातीच्या वर्षांत फार थोड्यांकडे होते. नोकरी जाईल, घरी कळेल या भीतीने अनेकजण टोपणनावाने खेळत. टोपीखालचा चेहरा मात्र लपवता येत नसे.

उलट दिशेनेही माणसे आली. छायाचित्रकार ब्लेक लिटल आधी कॅमेरा घेऊन आले, मग स्वतःच वळूवर बसले आणि १९९० मध्ये त्या प्रकारातले विजेते ठरले. त्यांची कृष्णधवल छायाचित्रे २०१४ मध्ये इंडियानापोलिसच्या आयटेलजोर्ग संग्रहालयात मांडली गेली. शेळीच्या चड्डीचा खेळही अशा नवख्यांसाठीच मोलाचा. ज्याने आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही, त्यालाही रिंगणात उतरता यावे म्हणून असे तीन खेळ ठेवलेले आहेत. दुसऱ्यात एकाने बैलाच्या शिंगांतला दोर काढायचा आणि दुसऱ्याने शेपटीला रिबीन बांधायची. ऐकायला सोपे वाटते. बैलाला रिबिनीची हौस नसते, हे पहिल्या लाथेला समजते.

तिसरा 'वाइल्ड ड्रॅग रेस'. तिघांचा संघ असतो. एक पुरुष, एक स्त्री आणि एक 'ड्रॅग', म्हणजे विग, झगा असा भडक वेश चढवलेली व्यक्ती. तिघांनी बैलाला ओढत एका रेघेपलीकडे न्यायचे, तिथे झगेवाल्याने किंवा झगेवालीने त्याच्या पाठीवर चढायचे आणि रेघ ओलांडून परत यायचे. विग बहुधा अर्ध्या वाटेतच धुळीला मिळतो.

या दंग्यात एक गंभीर नियम सहज नजरेतून निसटतो. गे रोडिओत प्रत्येक खेळ स्त्रियांना आणि पुरुषांना, दोघांनाही खुला आहे. वळू, बिनखोगिराचा उधळा घोडा, फास, पिंपांभोवतीची दौड, सगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी बायका उधळ्या घोड्यांवर बसत आणि गर्दी खेचत. १९२९ मध्ये ओरेगॉनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल घोड्यावरून पडली आणि त्या जखमांनी दगावली. त्यानंतर हळूहळू बायकांना धोक्याच्या खेळांतून बाहेर काढले गेले. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत पुढची कित्येक दशके त्यांच्या वाट्याला मुख्यतः पिंपांभोवतीची दौडच उरली. पुरुष त्याच खेळांत कितीतरी मेले, त्यावरून पुरुषांना कोणी घरी बसवले नाही. त्यामुळे वळूवर बसायची इच्छा असलेल्या बाईला, मग ती समलिंगी असो वा नसो, गे रोडिओ हे हक्काचे रिंगण झाले. भिन्नलिंगी स्पर्धकांनाही इथे मज्जाव नाही. कोणी कोणावर प्रेम करतो हे नोंदणीच्या टेबलावर विचारत नाहीत.

ऐंशीच्या दशकात एड्स आला. संघटना नुकत्याच रांगत होत्या आणि सभासद मरू लागले. सरकारी मदत अपुरी, रुग्णालयांत भीती, घरची दारे बंद. निधी गोळा करण्याची सवय तेव्हा कामी आली. तिकिटे, लिलाव, बारमधले कार्यक्रम यांतून उभा राहिलेला पैसा आजाऱ्यांच्या सेवेकडे वळला. तेव्हापासून चालत आलेला रिकाम्या घोड्याचा विधी आजही होतो. घोडा पूर्ण साजासह रिंगणात आणतात, पण खोगिरावर कोणी बसलेले नसते. त्याला लगामाने धरून संथ चालवत नेतात. निवेदक गप्प होतो, टोप्या उतरतात. काही क्षणांपूर्वी झग्यातल्या माणसाला बैलाने आपटले म्हणून खिदळणारे तेच प्रेक्षक. ज्यांनी नव्वदचे दशक पाहिले आहे, त्यांना त्या खोगिरावर कोण बसले असते याची यादी पाठ असते.

बाहेरून विरोधही होताच. १९८८ ची अंतिम स्पर्धा नेवाडात व्हायची होती. रीनोत जागा नाकारली गेली तेव्हा आयोजकांनी जवळच्या फॅलनमध्ये व्यवस्था केली. स्पर्धक घोडे घेऊन येऊन पोहोचले आणि न्यायालयाच्या मनाई हुकुमाने खेळ थांबला. ज्या राज्यात गे रोडिओ जन्मला, तिथूनच त्याला माघारी जावे लागले. कोलोरॅडोचा इतिहासही दुटप्पी आहे. समलिंगी संबंधांवरचा कायदा या राज्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून टाकला, पण १९९२ मध्ये तिथल्याच मतदारांनी समलिंगींना भेदभावापासून संरक्षण देणारे स्थानिक कायदे रद्द करणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९९६ मध्ये मोडीत काढली. मधल्या वर्षांतही डेन्व्हरच्या मंडळींनी आपला रोडिओ सोडला नाही.

संघटनेत आजही राजेशाही आहे. 'मिस्टर', 'मिझ', 'मिस' आणि 'मिझ्टर' असे किताब दिले जातात. पहिला पुरुषाचा, दुसरा स्त्रीचा, तिसरा स्त्रीवेश करणाऱ्याचा आणि चौथा पुरुषवेश करणारीचा. मुकुट आणि टोपी एकाच डोक्यावर कशी बसवायची ही कलाच आहे. पण किताब मिळाला म्हणजे वर्षभर निधीसाठी वणवण करणे आले.

एक टीका मात्र गे रोडिओला घरच्याच माणसांकडून ऐकावी लागली आहे. प्राणिहक्कांसाठी लढणारे अनेक कार्यकर्ते स्वतः समलिंगी. स्वतः छळ सोसलेल्यांनी जनावरांना छळावे का, असा त्यांचा रोखठोक सवाल. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून झालेली भांडणे आठवली तर या वादाची धग कळेल. आयोजक नियमांकडे बोट दाखवतात. वासराला फास पडताच दोर सुटून येतो, त्याला आपटून चारी पाय बांधण्याचा प्रकार इथे नाही. वळूवर टिकायचे तेही व्यावसायिक रोडिओतल्या ८ ऐवजी ६ सेकंद. हे उत्तर पुरेसे आहे असे म्हणवत नाही. शेळीला चड्डी नको असते, एवढे तर कोणीही मान्य करील.

आता चिंता वेगळीच आहे. एकेकाळी भरगच्च असलेले वेळापत्रक विरळ झाले आहे. घोडा पाळणे महागले, सभासद साठीकडे झुकले, आणि तरुण समलिंगींना आता भेटीगाठींसाठी धुळीच्या मैदानाची गरज उरलेली नाही. जुनी मंडळी म्हणून कागद जपू लागली आहेत. लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयात संघटनेचे दफ्तर ठेवले आहे. कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, जुनी बक्कले. इतिहासकार रेबेका स्कोफील्ड आणि एलिसा फोर्ड यांनी जुन्या स्पर्धकांच्या मुलाखती नोंदवून २०२३ मध्ये या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला.

रविवारी संध्याकाळी मैदान रिकामे होऊ लागते. घोडे ट्रेलरमध्ये चढतात. कोणाचा खांदा गळ्यात अडकवलेल्या पट्टीत, कोणाच्या पट्ट्याला नवे बक्कल, काहींचे दोन्ही. कंत्राटदाराच्या गाडीत शेळ्या भरल्या जातात. धुळीत पडलेल्या चड्ड्या गोळा करण्याचे काम, बाकीच्या सगळ्या कामांसारखेच, बिनपगारी स्वयंसेवकांकडे असते.