काजळी, खळ आणि सात रंग
लोककला आणि आधुनिक चित्र : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण कालीघाटच्या पटुआंना भेटलो. कलकत्त्याच्या काली मंदिरालगत बसून, गिरणीच्या कागदावर देवदेवता आणि शहरी बाबू झरझर रंगवणारे ते कारागीर. त्यांच्या रेषेमुळे ज्यांनी आपली जमलेली वाट सोडली, त्या जामिनी राय यांच्याकडे आज वळू.

बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावी १८८७ साली त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ते युरोपीय वळणाचं चित्रण शिकले. तैलरंगातली व्यक्तिचित्रं त्यांना उत्तम साधली आणि गिऱ्हाईकही मिळालं. तरी १९२० नंतरच्या दशकात त्यांनी ते काम मागे टाकलं.

आधी त्यांनी रंगच बाजूला ठेवले. कुंचला काजळीत बुडवून, एका दमात ओढलेल्या जाड, लवचीक रेषेत बाई, मूल उभं करायचं. छायाप्रकाश नाही म्हटल्यावर अंगाची गोलाई दाखवायची ती या रेषेनेच, कुठे जाड होत, कुठे निमुळती होत. हा धडा कालीघाटचा. पण कालीघाटच्या पटावर शहरी बाजाराची छाप आहे असं त्यांना वाटू लागलं, आणि ते बांकुड्याच्या खेड्यांतले पट, बाहुल्या, विष्णुपूरच्या देवळांवरची भाजल्या मातीची शिल्पं यांच्याकडे वळले.

मग रंग परत आले, पण मोजकेच: गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिंगूळ, हिरवा, निळा, करडा, पांढरा. पांढऱ्यासाठी खडू, निळ्यासाठी नीळ, रंग धरून ठेवायला चिंचोक्याची खळ. कॅनव्हासऐवजी कापड, विणलेली चटई, चुन्याचा हात दिलेली फळी. रंग सपाट भरायचा, एकात दुसरा मिसळायचा नाही. तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरा, लांबोडका डोळा असा उठून दिसतो की सावलीची गरजच उरत नाही. माझ्या मते राय यांची खरी झेप इथे आहे. लोककलेतून विषय उचलणारे पुष्कळ झाले; त्यांनी तिची सामग्री आणि काम करण्याची रीतही स्वीकारली.

म्हणूनच एकच चित्र पुन्हा पुन्हा काढण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पटुआसारखं घरच्यांना हाताशी घेऊन त्यांनी चित्रं केली आणि किमती साध्या माणसाला परवडतील अशा ठेवल्या. या पुनरावृत्तीबद्दल त्यांना बोल लावला जातो. काही चित्रांत रेष खरोखरच आखडलेली दिसते, हे मान्य. पण एकमेव प्रतीचा आग्रह शहरी कलादालनाचा; पटुआ तो कधी धरत नव्हता.

ही भाषा किती पेलते, हे पाहायचं तर त्यांची ख्रिस्तचित्रं पाहावीत. राय ख्रिस्ती नव्हते. बंगालच्या खेड्यात ज्याला परंपरेचा आधार नाही अशी कथा त्यांनी त्याच सपाट रंगांत, त्याच रेषेत मांडली, आणि ख्रिस्ताला डोळे दिले ते त्यांच्या गोपींचेच.