भीती लांबची, धोका जवळचा

भाईंदर स्टेशनहून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा या गावांतून जातो. पावसाळ्यातल्या रविवारी पोरंबाळं घेऊन समुद्रावर निघताना ‘तिथे धोका तर नाही ना?’ असं सहसा कोणी विचारत नाही. काश्मीरचं नाव निघालं की मात्र सगळं घर विचारात पडतं.

गैरसमज : जवळचं, ओळखीचं ठिकाण सुरक्षितच.

वस्तुस्थिती फार वेदनादायक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वसईच्या चिंचोटी धबधब्यावर तर पोलिसांना पावसाळ्यात मनाई आदेश काढावे लागतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. पण ती एकेक, दोनदोन करून जातात, म्हणून त्यांची बातमी टिकत नाही.

काश्मीरमधल्या पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवादी हल्ल्यात २६ जणांची हत्या झाली; त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. त्यानंतर लोकांनी तिथलं बुकिंग रद्द केलं, यात वेडेपणा काहीच नव्हता. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की, माणूस धोका आकड्यांनी मोजत नाही. जे भयंकर वाटतं, अनोळखी असतं, आपल्या हातात नसतं, त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटते. गाडीचं स्टीअरिंग आपल्या हातात असतं, म्हणून घाटातला वेग भिववत नाही.

गैरसमज : बेत बदलला की धोका टळला.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अनेकांनी विमान सोडून मोटार धरली. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजानुसार पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा बळी गेले.

गैरसमज : काही माणसं भित्री, काही धाडसी.

प्रत्येकाची भीती वेगळी असते. कोणाला दंगलीची, कोणाला आजारपणाची, तर कोणाला पैसे बुडण्याची. शिवाय आधी जाऊन आलेल्या ठिकाणाची धास्ती कमी होते, हे १९९८ च्या एका अभ्यासातही दिसलं.

म्हणून ठिकाण ठरवताना बातम्यांबरोबर भरती-ओहोटीची वेळ आणि पावसाचा इशाराही पाहा. पाण्याला ओढ असेल तर मुलांना उतरू देऊ नका. आणि गाडीत मागे बसलात तरी सीटबेल्ट लावा.