पुराची खूण आणि गावाचा इतिहास

सायखेड्याच्या पुलावर उभे राहिले की गोदावरीच्या एका तीरावर सायखेडा आणि दुसऱ्या तीरावर चांदोरी दिसते. दोन्ही गावे निफाड तालुक्यातली. २०१६ च्या उन्हाळ्यात नदी इतकी आटली, की एरवी पाण्याखाली असणारी चांदोरीची जुनी दगडी मंदिरे उघडी पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन्ही गावांत पुराचे पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झाले.

ज्या गावाला अधूनमधून घरे-दुकानांतला गाळ उपसावा लागतो, त्याने जुन्या दगडांवर पैसा का खर्च करावा? हा प्रश्न मला गैर वाटत नाही. म्हणून आधी कायदा काय देतो ते पाहू.

वारसा जपण्यासाठी केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा आहे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर केंद्र संरक्षित, तर नाशिकचा सरकारवाडा राज्य संरक्षित आहे. यादीत नाव आले की देखभालीची जबाबदारी पुरातत्त्व खात्याकडे जाते. पण त्याबरोबर धास्तीही येते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. आपल्या घराचे काम अडेल, या भीतीने लोक यादीपासून दूर राहतात. शिवाय गावोगावचे बहुतेक घाट, वाडे, बारवा आणि वीरगळ कोणत्याच यादीत नाहीत. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली. पण तसली व्यवस्था चालवायला लागणारी यंत्रणा ग्रामपंचायतीकडे नसते.

तरीही ग्रामपंचायतीचे हात बांधलेले नाहीत. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत ग्रंथालये, सांस्कृतिक कार्य आणि सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे तिन्ही येतात. म्हणजे ग्रामसभेने मनावर घेतले तर वाट मोकळी आहे. मग प्रश्न उरतो तो उपयोगाचा.

त्याचे उत्तर नदीच्या वरच्या अंगाला, नाशिकमध्ये आहे. तिथे पूर किती चढला हे आजही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, एवढे ऐकले की नाशिककराला पुढचे कळते. नारोशंकराच्या अठराव्या शतकातल्या मंदिराची घंटाही अशीच महापुराची खूण मानली जाते. ही वारसास्थळे तर आहेतच, पण लोकांनी पिढ्यान् पिढ्या वाचलेली पूरमापकेही आहेत.

जलसंपदा खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा गणिताने काढतात. गणिताचा पडताळा घ्यायचा तर जुने पाणी नेमके कुठवर आले होते हे ठाऊक हवे. ती माहिती जुन्या भिंतीवर, मंदिराच्या पायरीवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असते. भिंत पाडली आणि माणूस गेला, की ती परत मिळत नाही.

कागदांचेही तसेच. पेशव्यांची दिल्लीतली वकिली सांभाळणारे हिंगणे घराणे चांदोरीचे. त्यांची पत्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली, म्हणून अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या राजकारणाचे मराठी साधन आज अभ्यासकांच्या हाती आहे. एका गावातल्या घराण्याचे दप्तर किती मोलाचे ठरू शकते, याचा हा दाखला. नदीकाठच्या घरांतले किती कागद आजवर पुराच्या पाण्यात लगदा होऊन गेले असतील!

म्हणून माझे मत असे, की सायखेड्यासारख्या गावाने जीर्णोद्धाराच्या मोठ्या खर्चापासून सुरुवात करू नये. आधी नोंद करावी. जुन्या वास्तूंची गावापुरती यादी, प्रत्येकीचे छायाचित्र, पुराची पातळी दाखवणारी वर्षासह कायमची खूण आणि घरोघरच्या जुन्या कागदांच्या प्रती, एवढे काम शाळा, वाचनालय आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. त्याला फार निधी लागत नाही आणि त्याने कुणाचे बांधकामही अडत नाही. कोणत्या वास्तूवर पैसा खर्च करायचा, हे पुढे ती यादी समोर ठेवून ग्रामसभेला ठरवता येईल.

पुढचा पूर येईल तेव्हा एखाद्या मुलाने भिंतीवरच्या खुणेकडे बोट दाखवून सांगावे, की मागच्या वेळी पाणी इथवर आले होते, आता सामान वर हलवा. गावाचा इतिहास एवढ्या कामी आला, तरी त्यावरचा खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.