हृदयातली वीज अडते तेव्हा : हार्ट ब्लॉकचे प्रकार आणि कारणे

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक आज आधी घेऊ. 'आईचं वय बहात्तर. दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, हार्ट ब्लॉक आहे. अँजिओग्राफी केली, ती नॉर्मल. तरीही पेसमेकर बसवा म्हणतात. ब्लॉक नाहीच, तर मशीन कशाला? घरात सगळ्यांना वाटतंय की आपल्याला फसवतायत.'

असा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यात चूक विचारणाऱ्याची नाही. चूक शब्दाची आहे. आपण 'ब्लॉक' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. घराचं उदाहरण घ्या. घरात पाण्याचे नळ असतात आणि विजेच्या तारा असतात. नळात गाळ साचून पाणी अडलं, तर प्लंबर लागतो. तार तुटली, तर वायरमन. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून रक्त अडतं, त्याला लोक 'ब्लॉकेज' म्हणतात. अँजिओग्राफीत दिसतं ते हे. 'हार्ट ब्लॉक' म्हणजे मात्र हृदयातली वीज अडणं. नळ स्वच्छ आहेत म्हणून तारा चांगल्याच असतील, असं काही म्हणता येत नाही.

वीज जाते कशी?

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा स्वतःहून विजेचा संदेश सोडतो. संदेश कर्णिकांमधून पसरतो आणि दोन्हींच्या सीमेवर एव्ही नोडपाशी येतो. हे एव्ही नोड १९०६ मध्ये सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी सायनस नोड शोधला.

एव्ही नोड म्हणजे रेल्वेचं फाटक समजा, आणि तिथे एक गेटमन आहे. वरून आलेला प्रत्येक संदेश तो सेकंदाचा साधारण दहावा भाग थांबवतो आणि मग सोडतो. का थांबवतो? तेवढ्या वेळात कर्णिका आपलं रक्त खाली जवनिकांत ओततात. फाटकाच्या पुढे 'हिसचा जुडगा' नावाची एक मुख्य तार आहे. तिला उजवी आणि डावी अशा दोन फांद्या फुटतात आणि त्यांतून वीज जवनिकांच्या स्नायूपर्यंत पोचते. या वाटेवर कुठेही अडथळा आला, की तो ब्लॉक.

प्रकार किती?

पहिल्या अंशाचा ब्लॉक : गेटमन प्रत्येक गाडी सोडतो, पण उशिरा. कर्णिकांची वीज सुरू झाल्यापासून जवनिकांची सुरू होईपर्यंतचा वेळ ईसीजीवर ०.२० सेकंदापेक्षा, म्हणजे कागदावरच्या पाच लहान चौकटींपेक्षा जास्त भरतो. ठोका एकही चुकत नाही. बहुतेकांना काही त्रास नसतो आणि उपचारही लागत नाहीत.

दुसऱ्या अंशाचा ब्लॉक : काही संदेश खाली पोचतच नाहीत. याचे दोन उपप्रकार. पहिल्यात उशीर ठोक्यागणिक वाढत जातो आणि शेवटी एक ठोका गळतो. मग पुन्हा पहिल्यापासून. वेंकेबाख यांनी हे १८९९ मध्ये, ईसीजी यंत्र हाती येण्याआधी, केवळ नाडीच्या आलेखावरून ओळखलं होतं. तरुण खेळाडूंमध्ये झोपेत असं होऊ शकतं आणि ते सहसा निरुपद्रवी असतं. दुसऱ्या उपप्रकारात, ज्याला मोबिट्झ दोन म्हणतात, उशीर वाढत नाही. ठोका अचानक गळतो. इथे दोष सहसा फाटकाच्या पुढच्या तारेत असतो, आणि ती कधी पूर्ण तुटेल याचा भरवसा नसतो. म्हणून डॉक्टर याला घाबरून असतात.

तिसऱ्या अंशाचा, म्हणजे पूर्ण ब्लॉक : फाटक कायमचं बंद. वरची एकही गाडी खाली येत नाही. मग हृदय थांबतं का? लगेच नाही. फाटकाच्या पलीकडच्या पेशी आपलं स्वतःचं वेळापत्रक सुरू करतात. पण ते संथ असतं : तारेच्या वरच्या भागातून मिनिटाला ४० ते ६०, अगदी खालून फक्त २० ते ४०. हे बदली कामगार मध्येच काही सेकंद गप्प बसले, की मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस उभ्याचा कोसळतो. थोड्या वेळात ठोके परत येतात, चेहरा लाल होतो, माणूस उठून म्हणतो, 'काही नाही, जरा चक्कर आली.' डब्लिनच्या ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४६ मध्ये हेच वर्णन लिहून ठेवलं. आपल्याकडे मात्र अशा झटक्याला कधी पित्त म्हणतात, कधी फिट, कधी अशक्तपणा. पुढचा झटका जिन्यावर किंवा रस्ता ओलांडताना येऊ शकतो, हे तेव्हा लक्षात येत नाही.

याखेरीज एकाच फांदीतला अडथळा असतो. रिपोर्टवर 'आरबीबीबी' किंवा 'एलबीबीबी' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ठोका गळत नाही, फक्त एका बाजूला वीज उशिरा पोचते. उजव्या फांदीचा ब्लॉक निरोगी माणसातही सापडतो. डाव्या फांदीचा दिसला, तर इकोसारखी तपासणी करून मूळ आजार शोधावा लागतो.

कारणं कोणती?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे वय. तारांच्या जागी हळूहळू तंतुमय ऊती वाढतात. यात चरबीचा काही संबंध नाही, म्हणूनच अँजिओग्राफी नॉर्मल येते.

दुसरं, हार्ट अटॅक. बहुतेकांमध्ये एव्ही नोडला रक्त उजव्या रक्तवाहिनीतून मिळतं. हृदयाच्या खालच्या भिंतीला अटॅक आला तर होणारा ब्लॉक बऱ्याचदा काही दिवसांत उतरतो. पुढच्या भिंतीच्या मोठ्या अटॅकमधला ब्लॉक जास्त धोक्याचा.

तिसरं, औषधं. बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन या गोळ्या फाटकावरचा वेग कमी करतात. दोन डॉक्टरांकडून दोन गोळ्या एकदम सुरू झाल्या, तर परिणाम वाढतो. मूत्रपिंड बिघडून रक्तातलं पोटॅशियम वाढलं तरी वीज अडते. आपल्या अंगणात, रस्त्याकडेला दिसणारी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. तिच्या बियांत डिगॉक्सिनसारखंच विष असतं. लहान मुलाने बी चघळली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

शिवाय संधिवाताचा ताप, घटसर्प, थायरॉइडची कमतरता, झडपेवरची शस्त्रक्रिया ही कारणंही आहेत. काही बाळांना हा ब्लॉक जन्मतःच असतो; आईच्या रक्तातली विशिष्ट प्रतिपिंडं गर्भाच्या तारांना इजा करतात.

मग करायचं काय?

कारण दूर होण्याजोगं असेल, जसं औषध किंवा पोटॅशियम, तर आधी ते दूर करतात. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. कारण कायमचं असेल, तर तारा दुरुस्त करणारं औषध नाही. तिथे पेसमेकर हाच उपाय. पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. तो काही तासच चालला. पण यंत्रं बदलत बदलत लार्सन २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले.

घरी एक गोष्ट करता येते. मनगटावर नाडी धरा, घड्याळ लावून तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. नाडी चाळिसाच्या आसपास आहे आणि सोबत चक्कर, धाप किंवा शुद्ध हरपणं आहे, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. ब्लॉक येतजात असेल तर एका ईसीजीत सापडणार नाही. तेव्हा चोवीस तासांचा होल्टर लावतात.

आता त्या चिठ्ठीकडे परत येऊ. आईंची अँजिओग्राफी नॉर्मल आली, ही चांगली बातमी आहे. नळ स्वच्छ आहेत. पण प्रश्न नळाचा नव्हताच. डॉक्टरांना एवढंच विचारा : 'ब्लॉक कितव्या अंशाचा आहे? ईसीजीवर किंवा होल्टरवर तो आम्हाला दाखवाल का? एखाद्या गोळीमुळे तर झाला नाही ना?' उत्तर 'पूर्ण ब्लॉक' किंवा 'मोबिट्झ दोन' असं आलं, आणि गोळी किंवा पोटॅशियमसारखं कारण निघालं नाही, तर घरातल्या चर्चेत आणखी दिवस घालवू नका. त्या दोनदा पडल्या आणि उठल्या. तिसऱ्यांदा पडण्याची वाट बघायची नाही.